अंड्यातल्या पेशीला कोण सांगतं, तू स्नायू हो? कॉनरॅड वॉडिंग्टन यांची गोष्ट

तुमचा फोन आणि तुमच्या मित्राचा फोन एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. आत सॉफ्टवेअरही तेच. तरी दोन्ही सारखे वागतात का? नाही. एकाचं लोकेशन कायम चालू, दुसऱ्याचं बंद. एकाची बॅटरी दुपारीच संपते, दुसऱ्याची रात्रीपर्यंत टिकते. कोड एकच, सेटिंग वेगळ्या.

कोंबडीच्या शरीरातही असंच असतं. तिच्या छातीच्या स्नायूतल्या पेशीत जो डीएनए असतो, तोच तिच्या यकृतात आणि डोळ्यातही असतो. मग एक पेशी मांस होते, दुसरी डोळा होते, हे ठरवतं कोण? आज या प्रश्नाच्या उत्तरात नॉन-कोडिंग आरएनए हे नाव सारखं येतं. पण हा प्रश्न नीट विचारणारा माणूस त्याच्या खूप आधी होऊन गेला. त्याने तो कोंबडीच्याच अंड्यावर काम करता करता विचारला, आणि उत्तर सापडण्याआधी तो गेला. त्यांचं नाव कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन. आज त्यांची गोष्ट, आणि त्यांच्या प्रश्नाचं पुढे काय झालं तेही.

चहाच्या मळ्यातून केंब्रिजला

वॉडिंग्टन यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९०५ चा, इंग्लंडमधल्या इव्हशम गावचा. पण त्यांची पहिली काही वर्षं गेली भारतात. वडील दक्षिण भारतात चहाच्या मळ्यावर कामाला होते. मुलगा चारेक वर्षांचा झाल्यावर त्याला इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं. आईवडील मात्र १९२८ पर्यंत भारतातच राहिले. म्हणजे हा मुलगा काका-काकू आणि आजी यांच्याकडे वाढला. नात्यातले एक वृद्ध गृहस्थ औषधांचं दुकान चालवायचे. रसायनं, दगड, जीवाश्म यांची गोडी त्याला त्यांच्याकडून लागली.

केंब्रिजला गेल्यावर त्यांनी पदवीसाठी भूगर्भशास्त्र घेतलं आणि १९२६ मध्ये पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. त्यांना ॲमोनाइट नावाच्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शंखांचा अभ्यास करायचा होता. शंखाचा आकार पिढ्यान् पिढ्या कसा बदलत गेला हे दगडात दिसतं. पण तो आकार मुळात घडतो कसा, हे दगड सांगत नाही. ते बघायचं तर जिवंत भ्रूण बघायला हवा. इथे त्यांची गाडी दगडांवरून अंड्यांवर आली.

आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी शाखाच बदलली. सिव्हिल करून सॉफ्टवेअरमध्ये येणारे आपल्याकडेही खूप असतात, पण वॉडिंग्टन यांनी आधीच्या शाखेतली सवय सोडली नाही. डोंगर, दऱ्या, उतार, प्रवाह या भूगर्भशास्त्रातल्या गोष्टी पुढे तीस वर्षांनी त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रात आल्या.

काचेच्या वाटीतलं पिल्लू

कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर यायला २१ दिवस लागतात, हे कोंबड्या पाळणाऱ्या घरात पोरांनाही माहीत असतं. पण पहिल्या दोन दिवसांत आत केवढी धावपळ असते हे फारसं कुणी पाहिलेलं नसतं. पहिल्या दिवसाच्या अखेरीला पाठीच्या कण्याच्या जागी दोन्ही बाजूंना पेशींचे छोटे छोटे ठोकळे तयार व्हायला लागतात. यांना सोमाइट म्हणतात. साधारण दर दीड तासाला एक नवी जोडी. पुढे पाठ, छाती, पाय यांचे स्नायू या ठोकळ्यांतल्या पेशींपासूनच होतात. दुसऱ्या दिवशी हृदय धडधडायला लागतं.

अडचण अशी, की हे सगळं टरफलाच्या आत चालतं. केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत ऑनर फेल या संशोधिका शरीराबाहेर, काचेच्या उथळ वाटीत जिवंत ऊती वाढवण्याचं तंत्र वापरत होत्या. वॉडिंग्टन यांनी तेच तंत्र घेऊन कोंबडीचा आणि बदकाचा अख्खा कोवळा भ्रूण अंड्याबाहेर वाढवला. आता तो डोळ्यांसमोर होता. त्यातला एक तुकडा काढून दुसरीकडे लावता येत होता.

त्याआधी, १९२४ मध्ये, जर्मनीत हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी पाणसरड्यासारख्या न्यूट नावाच्या प्राण्याच्या भ्रूणात एक भन्नाट गोष्ट दाखवली होती. भ्रूणाचा एक ठरावीक तुकडा दुसऱ्या भ्रूणावर लावला, की तिथे दुसऱ्या शरीराची सुरुवात होते. त्या तुकड्याला त्यांनी ऑर्गनायझर हे नाव दिलं. पक्ष्यांत असा तुकडा असतो का? वॉडिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग करून दाखवलं की असतो. कोंबडी आणि बदक यांच्यात अदलाबदल केली तरी इशारा पोचतो. म्हणजे बदकाच्या पेशीने पाठवलेला मेसेज कोंबडीच्या पेशीला कळत होता.

जी शोधमोहीम फसली

मग सगळ्यांना एकच ध्यास लागला. ऑर्गनायझरमधून बाहेर पडणारं ते जादूचं रसायन कोणतं? ते एकदा मिळालं की शरीर कसं घडतं याचं रहस्य सुटलं, असं वाटत होतं. वॉडिंग्टन यांनी केंब्रिजच्या जोसेफ नीडम यांच्यासोबत यावर वर्षानुवर्षं काम केलं.

निकाल मात्र गोंधळात टाकणारा होता. ज्या पदार्थाचा भ्रूणाशी दूरचाही संबंध नाही, त्यानेही तोच परिणाम व्हायला लागला. अगदी प्रयोगशाळेत डाग पाडायला वापरतात ती मिथिलिन ब्लू ही निळी शाईसुद्धा चालून गेली. इतर अनेकांनी हा विषयच सोडून दिला.

वॉडिंग्टन यांनी यातून वेगळा धडा घेतला. किल्ली कुठलीही चालत असेल, तर खरी गंमत किल्लीत नाही, कुलपात आहे. मेसेज पाठवणाऱ्यापेक्षा मेसेज घेणारी पेशी आधीपासून कशी तयार बसली आहे, हे महत्त्वाचं. तिच्या आत काय चालू आहे, काय बंद आहे? आणि पेशीच्या आत बघायचं म्हणजे जनुकांकडे बघायचं. १९३० च्या दशकाच्या शेवटी ते अमेरिकेत कॅल्टेकला, थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे फळांवर घोंघावणाऱ्या माशीच्या जनुकांवर काम चालायचं. तिथे त्यांनी माशीचे पंख घडताना कोणती जनुकं कुठे हात घालतात ते तपासलं.

आज हे साधं वाटेल. पण त्या काळात भ्रूणाचा अभ्यास करणारे आणि जनुकांचा अभ्यास करणारे अशा दोन वेगळ्या वाड्या होत्या. एकमेकांकडे जाणं-येणं नव्हतं. वॉडिंग्टन यांनी मधली भिंत पाडायला घेतली. १९४२ मध्ये त्यांनी या जोडकामाला नाव दिलं: एपिजेनेटिक्स. जनुकांपासून प्रत्यक्ष शरीरापर्यंत जे जे मधे घडतं त्याचा अभ्यास, असा त्यांचा अर्थ होता. आज हा शब्द डीएनएवर बसणाऱ्या रासायनिक खुणांसाठी जास्त वापरला जातो, पण नाव त्यांचंच.

युद्धात सापडलेला बग

याच काळात दुसरं महायुद्ध चालू होतं. वॉडिंग्टन ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये आकडेवारीवरून निर्णय घेणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटात गेले. जर्मन पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांचं काम सुधारायचं होतं. १९४४-४५ मध्ये ते त्या कमांडच्या प्रमुखांचे वैज्ञानिक सल्लागार होते.

तिथला एक शोध आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना फार जवळचा वाटेल. विमानांची ठरावीक तासांनी तपासणी व्हायची. गटाने बिघाडांचे आकडे मांडले, तर तपासणी झाल्या झाल्या बिघाड वाढलेले दिसले आणि नंतर हळूहळू कमी होत गेले. म्हणजे नीट चालणारं यंत्र उगाच उघडल्याने नवे बिघाड होत होते. चालत्या कोडला विनाकारण हात लावू नये, हा धडा हवाई दलाला तेव्हाच मिळाला. या निरीक्षणाला आजही वॉडिंग्टन इफेक्ट म्हणतात.

गोटी, दऱ्या आणि पांझरेचं पाणी

युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, ते एडिंबरो विद्यापीठात प्राणी-जनुकशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. सुरुवातीला राहायला जागा नव्हती, म्हणून संस्थेतले बरेच जण मॉर्टनहॉल नावाच्या एका मोठ्या वाड्यात एकत्रच राहायचे. १९५२ मध्ये त्यांचं पक्ष्यांच्या भ्रूणवाढीवरचं पुस्तक आलं. आणि १९५७ मध्ये आलं 'द स्ट्रॅटेजी ऑफ द जीन्स'. त्यातली दोन चित्रं आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत असतात.

पहिल्या चित्रात एक उतार आहे. वरच्या टोकाला एक गोटी. खाली जाताना उताराला दऱ्या फुटतात, त्या दऱ्यांना आणखी दऱ्या. गोटी म्हणजे पेशी. घरंगळताना ती कोणत्या दरीत शिरेल त्यावर ती स्नायू होणार की मज्जातंतू की त्वचा, हे ठरतं. दरी जितकी खोल, तितकं तिच्यातून बाहेर पडणं अवघड. थोडा धक्का लागला, ऊन-थंडी कमी-जास्त झाली, तरी गोटी परत दरीच्या तळाला येते. म्हणून तर थोड्याफार गडबडीतही अंड्यातून नेहमी कोंबडीचंच पिल्लू येतं. या टिकाऊपणाला त्यांनी कॅनलायझेशन म्हटलं, म्हणजे पाट पडणं.

खान्देशातल्या माणसाला हे चित्र समजवायला फार वेळ लागत नाही. सातपुड्यावर पडलेला पावसाचा थेंब कोणत्या नाल्यात जाईल हे वरच्या एका कडेवर ठरतं. एकदा नाल्यात उतरला की तो तापीलाच मिळणार.

दुसरं चित्र मात्र लोक विसरतात, आणि खरी मजा तिथेच आहे. त्यात तोच उतार खालून दाखवला आहे. जमिनीत खुंट्या ठोकल्या आहेत, आणि त्या खुंट्यांना बांधलेल्या असंख्य दोऱ्या वरचा पडदा खाली ओढून दऱ्यांना आकार देत आहेत. खुंट्या म्हणजे जनुकं. दोऱ्या म्हणजे जनुकांमुळे होणाऱ्या रासायनिक क्रिया. एक दोरी एकाच दरीची नाही. दोऱ्या एकमेकींत गुंतलेल्या. म्हणून एक खुंटी काढली तर कधी काहीच होत नाही आणि कधी अख्खी दरी सरकते.

धुळे जिल्ह्यात पांझरेवरची जुनी फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे आणखी सोपं जाईल. बंधाऱ्यातून कालव्याला येणारं पाणी सगळ्यांसाठी एकच. पण कोणत्या चारीला किती वेळ पाणी द्यायचं, कोणती बंद ठेवायची, हे पाटकरी बघतो. पाटकरी स्वतः ऊस पिकवत नाही. पण तो नसेल तर एका शेतात चिखल आणि दुसऱ्यात भेगा. वॉडिंग्टन यांच्या दोऱ्या म्हणजे हे पाटकरी. ते आहेत हे त्यांना कळलं होतं. ते कसे दिसतात हे कळायचं होतं.

महाराष्ट्राशी एक धागा

एडिंबरोच्या त्या संस्थेत जगभरातून विद्यार्थी यायचे. त्यात पुण्याच्या लीला मुल्हेरकर होत्या. १९५० च्या दशकात त्यांनी तिथे कोंबडीच्या भ्रूणावर काम केलं आणि परत आल्यावर पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हाच अभ्यास रुजवला. पुढे पुण्यात भ्रूणशास्त्राची एक परंपराच तयार झाली. खर्चिक यंत्रं नसतानाही चालणारा हा विषय आहे: ताजी फलित अंडी, उबवण्याची पेटी, सूक्ष्मदर्शक आणि स्थिर हात.

कौतुक कमी, गैरसमज जास्त

वॉडिंग्टन यांचा एक प्रयोग फार गाजला आणि तितकाच चुकीचा समजला गेला. १९५३ मध्ये त्यांनी माशीच्या कोषांना काही तास जास्त तापमानात ठेवलं. त्यामुळे काही माशांच्या पंखांवरची एक आडवी शीर गायब झाली. अशाच माशा निवडून त्यांची पैदास करत गेले. काही पिढ्यांनंतर उष्णता न देताही शीर नसलेल्या माशा जन्मायला लागल्या.

अनेकांना वाटलं, आयुष्यात कमावलेला गुण थेट पोरांना मिळाला! तसं नव्हतं. त्या माशांत आधीपासून लपलेले छोटे छोटे जनुकीय फरक होते. एरवी खोल दरीमुळे ते दिसत नव्हते. उष्णतेच्या धक्क्याने ते उघडे पडले आणि निवडीने ते एकत्र आले. वॉडिंग्टन हेच सांगत राहिले, पण संशय चिकटायचा तो चिकटलाच.

दुसरीकडे काळही बदलला होता. १९५३ मध्येच डीएनएची रचना कळली. सगळं लक्ष कोडकडे गेलं: कोणत्या तीन अक्षरांचं कोणतं अमिनो आम्ल. गोटी आणि दऱ्यांचं चित्र त्यापुढे कवितेसारखं वाटायला लागलं. १९६१ मध्ये फ्रान्समध्ये जाकोब आणि मोनो यांनी जीवाणूंमध्ये जनुकं चालू-बंद होण्याची यंत्रणा दाखवली. बंद करणारा घटक आरएनए असेल असा त्यांचा सुरुवातीचा अंदाज होता, पण त्यांच्या बाबतीत तो प्रोटीन निघाला. मग आरएनए म्हणजे फक्त निरोप्या, असंच सगळे धरून चालले. प्रोटीनचा कोड नसलेल्या डीएनएला तर १९७२ मध्ये सुसुमू ओनो यांच्या एका लेखामुळे जंक, म्हणजे भंगार, हे नाव पडलं.

वॉडिंग्टन यांनी शेवटच्या वर्षांत चित्रकला आणि विज्ञान यांच्या नात्यावर लिहिलं, सैद्धांतिक जीवशास्त्रावर परिषदा भरवल्या. त्यांच्या दुसऱ्या पत्नी जस्टिन ब्लँको व्हाइट वास्तुविशारद होत्या. दोन मुलींपैकी कॅरोलिन हम्फ्री मानववंशशास्त्रज्ञ झाल्या आणि डूसा मॅकडफ नामांकित गणितज्ञ. २६ सप्टेंबर १९७५ ला एडिंबरोत वयाच्या ६९ व्या वर्षी ते गेले. दोऱ्या कशाच्या असतात हे त्यांना कळलं नाही.

दोऱ्या सापडल्या

१९९३ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर १८ वर्षांनी, अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना एका मिलिमीटरभर लांबीच्या जंतात विचित्र गोष्ट सापडली. एक जनुक होतं, पण त्यापासून प्रोटीन बनतच नव्हतं. फक्त बावीसेक अक्षरांचा आरएनएचा तुकडा बनत होता, आणि तो दुसऱ्या जनुकाचा निरोप अडवत होता. याला आता मायक्रोआरएनए म्हणतात. सुरुवातीला ही जंताचीच भानगड आहे असं वाटलं. २००० मध्ये असाच दुसरा तुकडा माणसापर्यंत बहुतेक प्राण्यांत सापडला, आणि मग मात्र सगळे जागे झाले. या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं.

काम कसं चालतं ते बघू. डीएनए म्हणजे मूळ फाइल. त्यातून मेसेंजर आरएनए ही कॉपी निघते आणि पेशीच्या कारखान्यात जाते, तिथे त्याप्रमाणे प्रोटीन तयार होतं. मायक्रोआरएनए मधेच त्या कॉपीला चिकटतो. त्याची अक्षरं कॉपीच्या शेपटीतल्या काही अक्षरांशी जुळतात. जुळली की कॉपी वाचली जात नाही किंवा नष्ट होते. मूळ फाइल शाबूत, फक्त ऑर्डर कॅन्सल.

याशिवाय दोन प्रकार आहेत. दोनशेपेक्षा जास्त अक्षरांचे लांब नॉन-कोडिंग आरएनए, आणि टोकं जोडून रिंगण झालेले सर्क्युलर आरएनए. रिंगणाला मोकळं टोक नसतं, त्यामुळे ते कुरतडून संपवणं पेशीला अवघड जातं आणि ते जास्त टिकतं.

आणि परत कोंबडीकडे

आता सोमाइटमधल्या त्या पेशींकडे येऊ. स्नायू होण्याआधी त्या भरभर वाढत असतात. त्यांच्यात पॅक्स-३ नावाचं जनुक चालू असतं. ते सांगतं: अजून थांबा, आधी संख्या वाढवा. मग मायोडीसारखी स्नायूची जनुकं चालू होतात. त्यासोबत मायक्रोआरएनए-१ आणि मायक्रोआरएनए-२०६ तयार होतात, आणि हे दोघं पॅक्स-३ चा निरोप अडवतात. वाढीची चारी बंद, घडणीची चारी चालू.

२०११ मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिचच्या संशोधकांनी कोंबडीच्या भ्रूणात हे दोन मायक्रोआरएनए मुद्दाम अडवून पाहिले. पॅक्स-३ रेंगाळत राहिला आणि स्नायू घडायला उशीर झाला. म्हणजे हे तुकडे वेळ पक्की करत होते, गडबडीतही काम वेळेवर व्हावं म्हणून. वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये कॅनलायझेशन म्हटलं होतं ते हेच, आणि प्राणीसुद्धा त्यांचाच.

२०१८ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी ११ आणि १६ दिवसांचे भ्रूण आणि एक दिवसाची पिल्लं यांच्या पायाच्या स्नायूंतले सर्क्युलर आरएनए मोजले. त्यातलं एक रिंगण मायक्रोआरएनए-२०६ ला स्पंजासारखं धरून ठेवतं असं दिसलं. २०६ अडकला की पेशी पुन्हा वाढायला मोकळ्या. म्हणजे पाटकऱ्यालाही थोपवून धरणारा कुणीतरी आहे! आणखी एक गंमत म्हणजे, कोंबडीतल्या एका लांब नॉन-कोडिंग आरएनएमध्ये अगदी छोट्या प्रोटीनचा कोड निघाला. निसर्ग आपल्या फोल्डरांची नावं बघून काम करत नाही.

हे आपल्या गावात का माहीत असावं?

कारण कोंबडी हा आपल्याकडे रोजीरोटीचा विषय आहे आणि अफवांचाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरमध्ये सापडला. आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे, १९९८ पर्यंत तो भाग धुळे जिल्ह्यातच होता. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत तो आला. तो आजार खरा होता. पण २०२० च्या सुरुवातीला कोरोना चिकनमधून पसरतो, असे फॉरवर्ड फिरले आणि त्यात तथ्य नसतानाही पोल्ट्रीवाल्यांचे भाव कोसळले.

असाच एक टिकून राहिलेला फॉरवर्ड आहे: ब्रॉयलरला हार्मोनचं इंजेक्शन देऊन फुगवतात. जरा हिशोब करा. वाढीचं हार्मोन हे प्रोटीन असतं, खाद्यात घातलं तर पचून जाईल. प्रत्येक पक्ष्याला पुन्हा पुन्हा टोचायचं तर हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये मजुरीच परवडणार नाही.

मग पक्षी एवढा वाढतो कसा? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ या काळांतल्या वाणांचे पक्षी एकत्र, एकाच खाद्यावर वाढवले. ५६ व्या दिवशी वजनं भरली ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, शेड तेच. फरक पडला तो पिढ्यान् पिढ्या केलेल्या निवडीने. आपण निवडत होतो वजन. नकळत सरकवत होतो त्या खुंट्या आणि दोऱ्या. आणि १९५७ म्हणजे वॉडिंग्टन यांचं दोऱ्यांचं चित्र छापून आलं ते वर्ष.

दोऱ्या ओढल्या की दुसरीकडेही ताण पडतोच. स्नायूतले धागे किती असावेत हे बहुतांशी अंड्यातच ठरतं. बाहेर आल्यावर ते धागे फक्त जाड होतात. फार झपाट्याने जाड झाले की काही पक्ष्यांची छाती लाकडासारखी कडक होते. याला वूडन ब्रेस्ट म्हणतात. जगभरच्या पोल्ट्रीला हा प्रश्न भेडसावतो आहे, आणि कोणते आरएनए त्यात गुंतले आहेत यावर काम चालू आहे. अँटिबायोटिकचा अतिवापर हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे, त्यावर बोललंच पाहिजे. पण खऱ्या प्रश्नावर बोलायचं तर खोटा प्रश्न आधी बाजूला ठेवावा लागतो.

एपिजेनेटिक्स हा शब्दही आजकाल रील्समध्ये पावडरी आणि कोर्स विकायला वापरतात. आठवड्यात जनुकं बदला वगैरे. असं काही दिसलं की वॉडिंग्टन यांचं दुसरं चित्र आठवा. एका दरीखाली शेकडो दोऱ्या, एकमेकींत गुंतलेल्या. एक बटण दाबून सगळं बदलेल असं सांगणाऱ्याने ते चित्र खालून पाहिलेलंच नसतं.

पुढच्या वेळी काळ्या मसाल्याचा रस्सा पानात आला, की त्यातल्या फोडीकडे एकदा बघा. तिची सुरुवात पहिल्या दिवसाच्या अखेरीला, दर दीड तासाला एक अशा ठोकळ्यांनी झाली होती. लेख आवडला तर शेअर करा, आणि घरच्या ग्रुपवर तो इंजेक्शनचा फॉरवर्ड पुन्हा आला तर त्याखालीच टाका.